कुरुडच्या बांधीत दोन पेट्या

एक बेंगळुरूहून आली. खोक्यात फोम, फोमात पेटी,
पेटीच्या पाठीवर बनवणाऱ्याची शाईतली सही
आणि क्रमांक : सत्तावीस.
अशा चाळीसच होणार म्हणे.
दोन हंगामांची बिदागी तिच्यात गेली,
बायकोला आकडा निम्माच सांगितला.

दुसरी शालिक नागोशानं वडशात बांधली.
व्हॉल्व्ह टुरिंग टॉकीजच्या भंगारातले,
फळ्या बिज्याच्या, ज्याचं मृदंगाचं खोड करतात,
जाळीच्या जागी बहिणीच्या लुगड्याचा तुकडा.
सही नाही. एका कोपऱ्यात सोल्डरचा सांडलेला थेंब.

शालिकला उजव्या कानानं ऐकू येत नाही.
तो ताप बघावा तसा
पेटीवर तळवा ठेवतो, म्हणतो,
"खालचा सूर पोकळ हाये गा. थांब."

धान निघालं होतं. स्टेजपुढच्या खड्ड्यात आम्ही,
तणशीवर लोक, अंगावर दुपटी,
दहाची घंटा साडेअकराला.
मधे काही ठेवलं नाही, एकच वायर,
पायाखाली एक खटका :
डावीकडे बेंगळुरू, उजवीकडे वडसा.

पहिल्या अंकात बेंगळुरू.
काय सांगू.
सूर निवडलेल्या तांदळासारखा, खडा नाही, कोंडा नाही,
आणि वरची तार
पहाटे हातपंपाच्या दांड्याला बोट लागावं तशी गार.
पण साताच्या पुढे नेल्याशिवाय
तिचा गळा भरून येत नाही.
सातावर नेली,
तर मुलाचं पत्र वाचणाऱ्या रत्नमालाचे
नुसते ओठ हलताना दिसले.
ऑर्गनवरून डोमानं भुवई उचलली.
पुन्हा तिनावर.
तिनावर ती पेटी शिकलेल्या जावयासारखी,
बरोबर बोलते, विचारलं तेवढंच.

दुसऱ्या अंकात रात्रीची लाईन आली,
डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू,
दोनशे तीसचे एकशे ऐंशी.
फोकस पिवळे पडले, राजाचा शालू मातकट.
बेंगळुरूचा सूर होता, अंग नव्हतं.
मी खटका दाबला.

शालिकची पेटी एकशे ऐंशीवरच वाढलेली,
त्याच्या दुकानात दोनशे कधी दिसलेच नाहीत.
तार ओढली तशी ती आधी दबली,
दमेकरी वाक्याआधी थांबतो तशी,
मग आली,
गुळाच्या पोळीची तव्याला लागलेली कड,
करपट, गोड,
आणि तिनावरच.
रत्नमालाचा शब्द वर, माझा सूर खाली,
मधून दोरा जाईल एवढी फट.

पण तिला घूं होती. ते सांगायला हवं.
विकायची असती तर सांगितलं नसतं.
तिसऱ्या अंकात प्रेताभोवती सगळे गप्प,
तेव्हा खड्ड्यातून तिची ती घूं,
आणि पुढच्या रांगेतलं पोरगं मोठ्यानं,
"भवरा हाये का गा तिकडे?"
बांधी हसली. प्रेतही हललं थोडं.
बेंगळुरूकडे शांतता होती.
विकत घेतलेली, पण खरी.

पहाटे दोन्ही बंद केल्या.
काच निवताना टिक् टिक् वाजते,
जळल्या धुळीचा वास दवात बसतो.
सत्तावीस नंबरच्या पितळी जाळीवर एक किडा नाही,
लुगड्याच्या तुकड्यावर अकरा पाकोळ्या, मी मोजल्या.

शालिक आला. कानटोपी काढली,
दोन्ही पेट्यांवर एकेक तळवा ठेवून
उकिडवा बसला, बराच वेळ,
दोन्ही अजून कोमट होत्या.
मी विचारलं, कोणती?
त्यानं चांगला कान माझ्याकडे वळवला.
"का म्हनलास?"

पुन्हा विचारलं नाही.
दोन्ही टेम्पोत चढवल्या, मधे तणीस कोंबली.
आज रात्री सिंदेवाहीच्या अलीकडे.
तिथली डीपी नवी आहे म्हणतात.